पाहिलं तेवढंच

"आप इसकी गारंटी लेती हैं?" त्या माणसानं मला विचारलं तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की आठवते, कारण ऑगस्टचं ऊन काचेतून गाडीत उतरायला लागलं होतं आणि तापायच्या आत शेतावरून आणलेल्या माश्या विद्यापीठाच्या काचघरात पोचवायच्या म्हणून मी सारखी घड्याळाकडे बघत होते. खरड गावाकडच्या रस्त्यानं चंदीगडमध्ये शिरताना नाके रोजचेच. अठ्ठ्याऐंशी साल ते, पंजाबात अतिरेक्यांचे दिवस. एखाद्या दिवशी नाका लागला नाही तर उलट चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. पण हा नाका रोजच्या जागी नव्हता. रस्त्यात आडवी लावलेली जीप, बंदुका घेतलेले चार जण, आणि हा पाचवा, खाकी पँटवर चौकड्यांचा शर्ट घातलेला, बँकेतल्या कारकुनासारखा शांत. कुठल्या खात्याचे ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यानं माझ्या फियाटचं मागचं दार उघडलं. मागे गुरमेल सिंग मांडीवर पेटी घेऊन बसला होता. लाकडी चौकट, चारी बाजूंना मलमल, आत कुंडीतली मुगाची दोन पिवळी पडलेली रोपं आणि पानांच्या खाली चारपाचशे पांढऱ्या माश्या. "इसमें क्या है?" त्यानं विचारलं. "मक्खियाँ," मी म्हटलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. त्यानं मलमलीची गाठ सोडली, आत वाकून बघितलं, आणि चिमूटभर राख उडावी तशा काही माश्या बाहेर उडाल्या. गुरमेलनं घाईनं कापड धरलं. ते त्याचं धरणं त्या बंदूकवाल्यांना आवडलं नाही. "नीचे उतर," एक जण म्हणाला.

गुरमेल उतरला. पस्तिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप, कपाळावरच्या पगडीच्या कडेला घामाची रेघ. त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. चौकड्यांच्या शर्टवाल्यानं खिशातून घडीचा कागद काढून त्यात काही बघितलं, घडी पुन्हा घातली, आणि मग माझ्याकडे वळून तो गारंटीचा प्रश्न विचारला.

"तीन साल से मेरे साथ है," मी म्हटलं. "काम में मैंने कभी कोई गलत बात नहीं देखी."

"और काम के बाद?"

"काम के बाद का मैंने देखा नहीं."

हे मी म्हटलं. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही, कुणी धाक दाखवला नाही. त्या माणसानं मान हलवली, जणू त्याला हवं तेवढं मिळालं. "शाम तक छोड़ देंगे जी, पूछताछ है," तो म्हणाला. गुरमेलनं पेटी सीटवर नीट टेकवून ठेवली, ती कलंडू नये म्हणून माझी पिशवी तिच्या कडेला लावली, आणि मला म्हणाला, "मॅडम जी, धूप में मत रखना." मग तो जीपमध्ये चढला. मी गाडी सुरू केली. आरशात जीप दिसत होती, तिचा मागचा नंबर चिखलानं अर्धा झाकलेला, शेवटचे तीन आकडे स्वच्छ: चार, एक, सात. सवयीनं मी ते वाचले. मी सगळंच सवयीनं करते, हे माझ्याबद्दल लोक कौतुकानं सांगतात.

त्या दिवशी मी काम केलं. हेही सांगायला हवं, कारण नंतर मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज याचीच वाटली. काचघरात मुगाची पंधरा दिवसांची रोपं मांडून ठेवलेली होती. मी काचेच्या नळीची रबरी शेपटी तोंडात धरली, हलकेच श्वास ओढून माश्या एकेक करून नळीत घेतल्या आणि प्रत्येक रोपावर दहा-दहा सोडून वर कंदिलाची चिमणी झाकली. मुगाचा पिवळा मोझॅक, आमच्या अकोल्याकडे ज्याला केवडा म्हणतात, तो ना वाऱ्यानं पसरतो, ना पाण्यानं, ना मातीतून. तो या माशीच्या तोंडातून जातो. ती आजारी पानातला रस पिते, उडून चांगल्या पानाखाली बसते, तिथंही पिते. बस, एवढंच. तिच्या मनात काही नसतं. पान दहाबारा दिवस हिरवंच राहतं आणि मग एके सकाळी सगळ्यात कोवळ्या पानावर शिरेच्या काठाला मोहरीएवढा पिवळा ठिपका येतो. पुढच्या पानावर चार. त्याच्या पुढचं पान सगळंच पिवळं, आणि शेंगा येतात त्या लहान, वाकड्या, आत दोन दाणे. दुपारी दीडपर्यंत मी चाळीस रोपं केली. मग डबा उघडला आणि तसाच बंद केला, आणि त्याचं मलाच नवल वाटलं.

'आढळलं नाही' हा आमच्या धंद्यातला शब्द. तो मला गोळे सरांनी शिकवला, परभणीला, मी एम.एस्सी.ला असताना. बाळकृष्ण गोळे, धोतर नेसून प्लॉटमध्ये उतरणारा माणूस, स्वभावानं फणसासारखा, फक्त आतला गोडवा आम्हाला पाच वर्षांत कधी सापडला नाही. मी माझ्या वहीत एका ओळीपुढं 'निरोगी' असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं. "तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले. "झाडानं? तू आज सकाळी सात वाजता बघितलंस, तुला ठिपका दिसला नाही. एवढंच तुझं ज्ञान. निरोगी म्हणायला तू काय देव लागून गेलीस?" दहा दिवसांनी ती ओळ पिवळी पडली, आणि सरांनी मला सगळ्या वर्गापुढं त्या ओळीत उभं केलं. त्यानंतर तेवीस वर्षांत मी 'निरोगी' हा शब्द लिहिला नाही. नुसता वहीतच नाही. लोक विचारायचे, मुलगी हुशार आहे का हो? मी म्हणायची, अजून तरी नापास झालेली नाही. विश्वनाथ, माझा नवरा, मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर. तो चारचौघांत सांगायचा की आमच्या हिला लग्नाआधी विचारलं, मी पसंत आहे का, तर म्हणाली, नापसंतीचं कारण दिसत नाही. सगळे हसायचे, मीही हसायची. यात मला मोठा अभिमान होता. जेवढं पाहिलं तेवढंच बोलणारी बाई.

गुरमेललाही मीच हे शिकवलं. तो आला तेव्हा मॅट्रिक पास, मोत्यासारखं अक्षर, आणि बोलण्यात सगळंच 'एकदम बढ़िया जी'. पहिल्या वर्षी त्यानं सगळा प्लॉट बढ़िया लिहून टाकला. मी त्याला उन्हात ओळीओळीनं पुन्हा फिरवलं. आमच्या चाचणीत दर दोन ओळींमागं एक ओळ मुद्दाम रोगाला लगेच बळी पडणाऱ्या वाणाची पेरतात, म्हणजे माश्यांना रोगाचे भरपूर विषाणू मिळतात आणि शेजारच्या ओळींची खरी परीक्षा होते. हे समजावलं तर तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "मॅडम जी, जट्ट का पुत्तर हूँ, पहली बार देख रहा हूँ कोई बीमारी बो रहा है." पण शिकला. असा शिकला की माझ्याआधी त्याला ठिपका दिसायचा. मी चष्मा पुसत असताना तो गुडघ्यावर बसून पान दोन बोटांत उलटं धरून म्हणायचा, "आ गया जी." आणि ज्या ओळीत काही नसेल तिच्यापुढं लिहायचा: 'नहीं देखा'. एकदा मी गमतीनं विचारलं, बायको कशी आहे? तो गंभीरपणे म्हणाला, "सुबह तक तो कोई शिकायत नहीं देखी जी." आम्ही दोघं त्या प्लॉटच्या बांधावर बसून इतकं हसलो होतो. तीन वर्षं रोज सकाळी सहा ते नऊ मी या माणसाबरोबर वाकून पानं बघितली. तो खोटं बोलतो का, हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

संध्याकाळी विश्वनाथला सांगितलं. आमचं घर सेक्टर चोवीसमध्ये, खालचा मजला, पुढे चार हात बाग. तो नुकताच वॉर्डातून आलेला, बूटसुद्धा काढले नव्हते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काय विचारलं, तर "तुझं नाव लिहून घेतलं का?" नाही म्हटल्यावर त्यानं बूट काढले. "बरं केलंस. हो, मी जामीन आहे, असं म्हटलं असतंस तर तुलाही बसवलं असतं जीपमध्ये. आणि तो अतिरेक्यांतला नाही हे तुला तरी काय ठाऊक, वसुधा? आमच्या वॉर्डात पोलिसांच्या पहाऱ्यात रोज येतात. कालपर्यंत कॉलेजात जाणारी मुलं." मी म्हटलं, "तुम्ही त्याला ओळखता. दिवाळीला मुलींना घेऊन आला होता." "ओळखतो म्हणजे काय? सुक्याबरोबर ओलंही जळतं असे दिवस आहेत. येईल उद्यापर्यंत." आमची चित्रा पलीकडे टेबलाशी अभ्यास करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मम्मा, आपने बोला क्यों नहीं कि गुरमेल अंकल अच्छे हैं?" तिच्याशी आम्ही मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि आम्हाला त्याची सवय झाली होती. पण तेव्हा मला वाटलं, हे मराठीत विचारलं असतं तर निदान थोडं कमी लागलं असतं. मी म्हटलं, अभ्यास कर.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी शेतावर एकटी गेले. नाका कालच्या जागी नव्हता, रस्त्यावर फक्त चाकांचे माग होते. प्लॉटमध्ये वाकले आणि माझ्या लक्षात आलं की मला ठिपके दिसत नाहीत. म्हणजे हिरवं पान दिसे, त्यावर नजर फिरे, आणि पुढच्या पानावर जाईपर्यंत मागचं काय होतं ते आठवत नसे. तीन ओळी मी तीनतीनदा वाचल्या. शेजारच्या शेतातून एक ट्रॅक्टर गेला, त्यावरचा माणूस माझ्याकडे बघत गेला, आणि मला वाटलं त्याला कळलं आहे. काय कळलं असणार? गावात बातमी पोचली असेल तर एवढीच, की गुरमेलला मॅडमच्या गाडीतून उतरवलं. मॅडम काय म्हणाली ते मॅडमला आणि त्या पाच जणांना ठाऊक. आणि गुरमेलला. तो समोरच उभा होता, माझं वाक्य संपेपर्यंत. मी दिवसभर स्वतःशी एकच हिशेब मांडत होते: मी हो म्हटलं असतं तर सोडलं असतं का? कदाचित कागदात नावच होतं, मग मी काहीही म्हटलं असतं तरी नेलंच असतं. कदाचित कागदात काहीच नव्हतं आणि तो माणूस फक्त माझ्या तोंडाकडे बघत होता. कसं ठरवायचं? दुसरी ओळ पेरलेलीच नव्हती. हो म्हणणारी वसुधा त्या रस्त्यावर कुठं उभीच नव्हती, मग तुलना कशाशी करणार? शास्त्राचं हे असं असतं. अपराध झाला की नाही तेसुद्धा ते तुम्हाला धड सांगत नाही. मी बांधावर बसले आणि रडले, चांगली पदर तोंडाशी धरून रडले. ट्रॅक्टर परत आला तेव्हा डोळे पुसून पुन्हा ओळीत वाकले.

त्या वर्षांत शहरात सगळेच असे बघत असायचे. बसमध्ये सीटखाली, सेक्टर सतराच्या बाजारात बेवारस पिशव्यांकडे, एकमेकांच्या तोंडाकडे. वर सगळं हिरवंगार आणि सरळ रस्ते, चौकाचौकांत फुलं. माझे सहकारी चहाच्या वेळी म्हणायचे, वसुधा जी, तुमचा विषय आजकाल चांगला लागू पडतो, बाहेरून हिरवं आणि आत काय ते दिसत नाही. मला ही तुलना आवडायची नाही. पान हे पान आणि माणूस हा माणूस. पानाला विचारता येत नाही म्हणून आपण बारा दिवस थांबतो. माणसाला विचारता येतं. त्याच्याबरोबर बसून भाकरी खाता येते, आणि मी खाल्ली होती, त्याच्या बायकोच्या हातची, मक्याची, वर लोण्याचा गोळा. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी नाक्यावर मी त्याला पानासारखं वाचलं. ही चूक कुठल्या किराणा दुकानदाराच्या हातून झाली नसती. तो सरळ म्हणाला असता, अपना बंदा है जी. ती माझ्यासारख्या बाईच्याच हातून व्हायची होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी डिपार्टमेंटच्या जिन्याशी एक म्हातारे सरदारजी उभे दिसले. पांढरी दाढी, इस्त्रीचा कुडता, छातीवर काही नाही पण पदकं असल्यासारखी ताठ छाती. "बाई, तुम्ही वसुधाबाई?" त्यांनी चक्क मराठीत विचारलं. गुरमेलचे वडील, सुभेदार प्रीतम सिंग. तोफखान्यात होते, देवळालीला सात वर्षं काढलेली. गुरमेलनं मला हे कधी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं? "मराठी लै नाय येत," ते म्हणाले, "पण पोराच्या मॅडमशी तिच्या बोलीत बोलावं, असं वाटलं." त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ते पाणी प्यायले नाहीत. तीन दिवस ते ठाण्याठाण्यांतून फिरत होते. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर: असा कुणी इथं आणलेलाच नाही. "एक साहेब बोलला, बॉर्डर पार गेला असंल तुमचा पोरगा, आम्हालाच सांगा कुठं आहे." त्यांचा आवाज इथं पहिल्यांदा हलला. "बाई, तुमच्या गाडीतून नेला त्याला. खरं ना?"

"खरं," मी म्हटलं.

"तुम्ही बघितलं?"

"माझ्यासमोर नेलं."

"मग तुम्हीच एक आहात," म्हातारा म्हणाला. "रस्त्यावर दुसरा कोणी नव्हता. वकील बोलला, बघणारा माणूस आणा, लिहून द्यायला. बघणारा नसंल तर कोर्ट पण काय करणार?"

मी त्यांना लगेच हो म्हटलं नाही. मला हे लिहिताना शरम वाटते, पण हो म्हटलं नाही. मी म्हटलं, "मला घरी विचारावं लागेल." ते उठले, पाणी आता प्यायले, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून, आणि म्हणाले, "विचारा. बरोबर आहे." ते गेल्यावर मी टेबलाशी बसून राहिले. नाक्यावर नेमकं बोलून मी एका माणसाला घालवलं होतं आणि आता त्याला परत आणायचं तर तेच नेमकं बोलणं हवं होतं: किती वाजता, कुठल्या रस्त्यावर, किती जण, जीपचे शेवटचे तीन आकडे. हे सगळं माझ्याकडे होतं. जगात फक्त माझ्याकडे. आणि तेव्हा जे इतकं सहज तोंडून निघालं होतं त्यासाठी आता मला घरची परवानगी हवी होती.

विश्वनाथ ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, मग मलाही ओरडता आलं असतं. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आजोबांपासून ऐकतो," तो म्हणाला, "आणि तू कुणाविरुद्ध चढणार आहेस ते तुला तरी माहीत आहे का? ते कोण होते? आपण इथले नाही, वसुधा. उद्या काही झालं तर कोण येणार आहे अकोल्याहून?" मी म्हटलं, त्याला दोन मुली आहेत. तो म्हणाला, "आपल्याला एक आहे." तो भित्रा माणूस नव्हे. मागच्या वर्षी बसमध्ये गोळ्या लागलेली माणसं आणली तेव्हा हाच सलग दोन दिवस घरी आला नव्हता. तो फक्त मोजून घाबरत होता, जसं डॉक्टरांनी घाबरावं तसं. पाचव्या दिवशी डिपार्टमेंटमध्ये एक पाहुणा आला. गोड बोलणारा, हातात डायरी. मूग-उडदाबद्दल विचारलं, माझं कौतुक केलं, सुभेदार भेटायला आले होते का ते विचारलं, आणि जाताजाता दारात वळून म्हणाला, "बिटिया किस स्कूल में है आपकी? अच्छा, वही पीले गेट वाला?" मी काहीच सांगितलं नव्हतं. शाळेचं फाटक पिवळं आहे. घरी येऊन मी चित्राला जवळ घेतलं तर ती म्हणाली, "क्या हुआ मम्मा?" आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं, विश्वनाथच्या देखत. पंधरा वर्षांची मुलगी, तिला घाबरवायचा मला काय अधिकार? पण दुसऱ्या कुणाला विचारायला उरलं नव्हतं. ती बराच वेळ बोटानं टेबलावर रेघा ओढत बसली. मग मराठीत म्हणाली, अडखळत, उच्चार चुकवत, "मग तू लिही ना." विश्वनाथ उठून बागेत गेला. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाला, "शाळेत तिला मी सोडीन आणि मीच आणीन. आणि कोर्टात कोणत्या दिवशी जायचं ते आधी सांग, रजा टाकावी लागते." हा माझा नवरा. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते 'नापसंतीचं कारण दिसत नाही' यात मावणारं नव्हतं.

आठव्या दिवशी आम्ही हायकोर्टात गेलो. कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधली ती अवाढव्य काँक्रीटची इमारत मी बाहेरून पाहुण्यांना शेकडो वेळा दाखवली होती, आत पहिल्यांदा गेले. विश्वनाथ गाडी लावायला थांबला. वकील म्हातारे होते, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. त्यांनी समजावलं: माणूस कोर्टापुढं जिवंत हजर करा असा अर्ज आहे, प्रतिज्ञापत्र धड असलं तर कोर्ट आपला माणूस ठाण्यांत शोधायला पाठवू शकतं. मी मुद्दे घरून लिहून नेले होते, अकरा ओळी. त्यांनी वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बीबी जी, चालीस साल में ऐसा गवाह नहीं देखा. धूप किस तरफ़ से थी वो भी लिखा है." मग पेन्सिल शेवटच्या ओळीखाली टेकवली. "ये नाके वाली बात निकाल दें? आपने जो कहा, काम के बाद का देखा नहीं. सरकारी वकील इसी को पकड़ेगा." मला ती काढायची होती. देवाशपथ, मला ती ओळ जगातूनच काढायची होती. मी म्हटलं, राहू द्या, मी ते म्हटलं होतं. आणि तिच्याखाली आणखी एक लिहा. मी या माणसाला ओळखते. तो चांगला माणूस आहे. वकील म्हणाले, "ये तो राय हुई, बीबी जी, देखी हुई बात नहीं." मी म्हटलं, "लिखिए." त्यांनी लिहिलं, टायपिस्टनं कडकड टाइप केलं, आणि मी सही केली.

व्हरांड्यात सुभेदार उभे होते. खाली हिरवळीवर झाडाच्या सावलीत गुरमेलची बायको दोन मुलींना घेऊन बसली होती, पुढ्यात फडक्यात बांधलेला डबा. सुभेदार म्हणाले, सून आठ दिवस पोरींना भरवते, स्वतः चहावर आहे. वकिलांनी आत मला जाताजाता हळू आवाजात सांगितलं होतं की पहिले दोनतीन दिवस महत्त्वाचे असतात, आठवडा उलटला की... आणि हात उलटा करून दाखवला होता. ते मी ऐकलं होतं. सुभेदारांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्या सहीच्या कागदाची कार्बनप्रत दोन्ही हातांत धरली होती. इंग्रजी त्यांना वाचता येत असावं, पण ते वाचत नव्हते, फक्त माझ्याकडे बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "येईल ना माझा पोरगा?"

मला काय ठाऊक होतं? मला जे ठाऊक होतं ते सगळं त्या कागदावर होतं, आणि जे वकिलांनी हात उलटा करून सांगितलं ते. तेवीस वर्षं मी अशा प्रश्नाला एकच उत्तर देत आले होते आणि ते उत्तर जिभेवर तयार होतं.

"येईल, बाबा," मी म्हटलं. "नक्की येईल."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग त्यांचा चेहरा, आठ दिवस ताठ धरलेला, हळूहळू सैल झाला. "मग येणार," ते म्हणाले. "गुरमेल घरी नेहमी सांगायचा. आपली मॅडम जी बघितल्याशिवाय कधी काही बोलत नाय."

मी त्यांना थांबवायला हवं होतं. ते काठी टेकत जिना उतरून हिरवळीवर गेलेसुद्धा. वरून मला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. ते सुनेपाशी वाकले, माझ्या दिशेनं बोट केलं, काहीतरी सांगितलं. तिनं वर बघितलं आणि मला लांबूनच हात जोडले. मग तिनं फडक्याची गाठ सोडली, एकेक पराठा मुलींच्या हातात दिला, आणि तिसऱ्याचा तुकडा मोडून आपल्या तोंडात घातला.